घरांतील यंत्रें : नाडी मंदावलेला संगणक

मनुष्याच्या दुखण्यांत वैद्य पहिल्यानें नाडी पाहतो. यंत्राच्या दुखण्यांत मात्र आपण सर्वांच्या आधीं किंमत पाहतों. पंखा घरघरला, मिक्सर थांबला किंवा संगणकाचा पडदा काळा पडला, कीं घरांतील वडील मंडळींची पृच्छा एकच : 'नवा केवढ्याला पडेल?' हा प्रश्न संसारी माणसास शोभणारा आहे, यांत शंका नाहीं. परंतु तो शेवटीं विचारावयाचा प्रश्न आहे. दुखणें कोठें आहें हें न कळतां जो खर्च होतो, त्याची गत 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' अशी व्हावयाची. म्हणून या खेपेस जुन्या संगणकाच्या एका नेहमींच्या दुखण्याची परीक्षा कशी करावी, तें येथें विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय निघाला तो एका पत्रावरून. गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली या तालुक्याच्या गांवाहून आमच्या एका जुन्या वाचकांनीं तें धाडलें. गृहस्थ सेवानिवृत्त शिक्षक असून कुटुंब एकत्र आहे. २००१ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एम्. एस्.-सी. आय. टी. अभ्यासक्रमामुळें तालुक्याच्या गांवोगांवीं संगणकाची ओळख झाली. तशी ती या घरींही झाली, व २००६ सालीं चिरंजीवांच्या अभ्यासासाठीं संगणक आला. चिरंजीवांचा अभ्यास संपला, आणि यंत्र वडिलांच्या हातीं आलें. त्यांनीं त्यावर माडिया बोलींतील शब्द, त्यांचे मराठी अर्थ आणि वापराचीं वाक्यें टिपून ठेवण्यास प्रारंभ केला. माडिया ही द्राविड कुलांतील बोली. शेजारच्या मराठीशीं तिचा रक्ताचा संबंध नाहीं. त्यामुळें शाळेंत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या माडिया मुलास गुरुजींचें मराठी केवढें परकें वाटत असेल, हें शिक्षकावांचून दुसऱ्या कोणास कळणार? हा संग्रह अद्याप छापलेला नाहीं; आणि ज्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनीं ते शब्द सांगितले, त्यांतील कित्येक आज हयात नाहींत.

आतां ही पेटी अडून बसली होती. सकाळीं कळ दाबली तर चार वेळां कांहीं होत नसे, पांचव्या वेळीं ती जागी होई. सायंकाळीं काम चालतां चालतां मध्येंच काळोख. पुढें पुढें दहा वेळां कळ दाबूनही हालचाल दिसेना. दूरच्या बाजारांतील एका दुकानदारानें पेटी पाहिली, 'एस्. एम्. पी. एस्. चा पंखा तर फिरतो आहे, म्हणजे मदरबोर्ड गेला', असा निकाल दिला, आणि जुनें मोडींत टाकून नवें घेण्याचा सल्ला दिला. पत्रांतील शेवटचें वाक्य असें होतें : 'नवा संगणक घेण्याची ऐपत मुलांस आहे, परंतु माझे शब्द त्यांत येतील काय, एवढेंच कृपा करून कळवावें.'

या प्रश्नाचें उत्तर दिसतें तितकें सोपें नाहीं. त्या काळीं मराठी लिहिण्यासाठीं निरनिराळ्या लिपि-प्रणाल्या असत, व प्रत्येकीचा अक्षरांचा संकेत निराळा असे. एकींत लिहिलेला मजकूर दुसरींत उघडला तर अक्षरांऐवजीं चिन्हांची खिचडी दिसे. कित्येक प्रणाल्यांस तर संगणकाच्या पाठीमागील रुंद खांचेंत बसविण्याची कुलपासारखी एक कुडी लागे. ती नसेल तर प्रणाली उघडतच नसे, आणि आजच्या संगणकांस ती खांच बहुधा नसतेच. तेव्हां या घरीं जुनें यंत्र जिवंत राहणें ही केवळ काटकसरीची बाब नव्हती.

आमचें पहिलें सांगणें असें कीं, कळ पुनःपुन्हां दाबणें तत्काळ थांबवावें. ज्या तबकडींत सर्व लिखाण साठविलेलें असतें, त्या हार्ड डिस्कला अर्धवट विजेवर वारंवार उठविणें व पाडणें हानिकारक असतें. दुसरें असें कीं, जाणत्या माणसाकडून ती डिस्क बाहेर काढवून दुसऱ्या संगणकास जोडावी आणि सर्व लिखाणाच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं कराव्या. घरास आग लागली असतां प्रथम मुलें बाहेर काढतात, भांडीं मागाहून. हें झाल्यावर मग यंत्राची नाडी पाहण्यास बसावें.

आतां ही नाडी म्हणजे काय? आपण ज्या पेटीस सरसकट 'सी. पी. यू.' म्हणतों, तिच्या पाठीमागें वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यांत पत्र्याचा एक लहान खोका असतो. त्यांत पंखा असतो व भिंतींतील विजेची दोरी त्यालाच जोडलेली असते. हाच एस्. एम्. पी. एस्. भिंतींतील वीज २३० व्होल्टची आणि सेकंदास १०० वेळां दिशा बदलणारी. संगणकाच्या नाजूक अवयवांस हवी असते ती एकाच दिशेनें वाहणारी १२, ५ व ३.३ व्होल्टची. हें रूपांतर हा खोका करितो. प्रथम तो भिंतींतील विजेस एकदिश करितो, तेव्हां तिचा दाब सुमारें ३२५ व्होल्ट होतो. मग सेकंदास हजारों वेळां ती तोडतो व जोडतो. अशी झपाट्यानें धडधडणारी वीज लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून उतरवून घेतो, आणि शेवटीं पुन्हां एकदिश व सपाट करून देतो. वेग इतका असल्यामुळेंच ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. एरव्हीं त्याला शेरांनीं लोखंड लागलें असतें. १९८१ सालच्या आय. बी. एम्. कंपनीच्या प्रसिद्ध घरगुती संगणकांत हा खोका ६३.५ वॅटचा होता. पुढें १९९५ सालीं इंटेल कंपनीनें 'ए. टी. एक्स्.' हें मान ठरविलें. त्यामुळें एका कारखान्याच्या पेटींत दुसऱ्या कारखान्याचा खोका बसूं लागला. आपल्या दुरुस्तीची सोय झाली ती यामुळेंच.

वीज सपाट करण्याचें काम ज्या नळकांड्या करितात, त्यांस कपॅसिटर म्हणतात. पाणी थांबून थांबून येणाऱ्या नळाखालीं आपण रांजण ठेवितों आणि त्याच्या तोटींतून संथ धार घेतों. कपॅसिटर हा विजेचा तसाच रांजण होय. याच्या पोटांत एक द्रव असतो. उष्णतेनें तो हळूहळू सुकतो. आणि साधारण अनुभव असा कीं, उष्णमान दहा अंशांनीं वाढलें तर नळकांड्याचें आयुष्य निम्म्यावर येतें. शिवाय २००० सालाच्या आगेंमागें कांहीं वर्षें सदोष द्रवाच्या नळकांड्या जगभर विकल्या गेल्या व असंख्य यंत्रें अकालीं निकामी झालीं. रांजण आटला म्हणजे धार तुटक होते. थंड, दमट सकाळीं हा दोष अधिक जाणवतो, आणि चार वेळां कळ दाबल्यानें नळकांडी किंचित् ऊबदार झाली कीं यंत्र कसेंबसें उठतें. आमच्या वाचकांच्या पांचव्या खेपेचें रहस्य हेंच असावें, असा आमचा तर्क झाला.

परंतु तर्क म्हणजे निदान नव्हे. सायंकाळीं काळोख होण्यास दुसरेंही एक कारण असूं शकतें, आणि तें एटापल्लीसारख्या ठिकाणीं आधीं तपासलें पाहिजे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा झाला. त्या चंद्रपुराजवळच्या औष्णिक केंद्राची शक्ति आज २,९२० मेगावॅट आहे. म्हणजे वीज शेजारींच जन्मास येते. पण वीज निर्माण होणें निराळें आणि ती रानाच्या टोंकाला पुऱ्या जोमानें पोंचणें निराळें. मालगुजारी तलावाच्या पाटावर शेवटीं ज्याचें शेत, त्याला पाणी उशिरा व थोडें मिळतें. लांबलचक तारेच्या शेवटच्या घराची तीच कथा. दिवेलागणीस सर्वांचे दिवे, पंखे चालूं झाले कीं दाब उतरतो. त्यांत पावसाळ्याच्या वाऱ्यांत सागाची एखादी फांदी तारेवर पडली कीं वीज जाते, आणि परत येते ती कधीं कधीं धक्का देऊन. सामान्य एस्. एम्. पी. एस्. सुमारें १८० व्होल्टपर्यंत तग धरतो. त्याखालीं त्याचा दोष नसतांही तो मान टाकतो. म्हणून घरांतील वायरमन बोलावून सायंकाळचा दाब मोजून घ्यावा. दोरी, विजेचा फळा आणि स्टॅबिलायझर हीं एकामागून एक बदलून पाहावीं. कित्येक वेळां सगळें दुखणें सैल झालेल्या प्लगांत सांपडतें!

येथें आणखी दोन फसव्या खुणा सांगून ठेवितों. संगणक चालूं होतो, परंतु तारीख दरवेळीं कित्येक वर्षें मागें जाते, असें असेल तर दोष आंतील बटणासारख्या ३ व्होल्टच्या बॅटरीचा. ती थोडक्या पैशांत मिळते. चालूं होतांना पीं-पीं असा विशिष्ट आवाज होऊन पडदा काळा राहत असेल, तर वीज पोंचली आहे असें समजावें व स्मरणपट्टी, म्हणजे रॅम, काढून पुसून नीट बसवावी. या खुणा नसून यंत्र मुळींच उठत नसेल, अथवा जड काम लागतांच मरत असेल, तर एस्. एम्. पी. एस्. वर संशय घ्यावा.

आमच्या वाचकांच्या घरीं ही परीक्षा त्यांच्या सूनबाईंनीं केली. पदविका-विद्यालयांत यंत्रशास्त्र शिकून आलेली मुलगी. परंतु तिनें पेचकस हातीं घेतल्यावर माजघरांत थोडी कुजबुज झाली, असें सासऱ्यांनींच मोकळेपणानें लिहिलें आहे. आम्हांस तर यांत कौतुकच वाटतें. दुधाचा कस बोटावर ओळखणाऱ्या हातास विजेचा कस ओळखतां येणार नाहीं, असें थोडेंच आहे?

परीक्षेचा क्रम येणेंप्रमाणें. पहिल्यानें भिंतींतील दोरी उपसून काढावी, कळ एकवार दाबून उरलीसुरली वीज जाऊं द्यावी व पांच मिनिटें थांबावें. पेटीचें पान उघडून पत्र्यास हात लावावा, म्हणजे अंगांतील स्थिर वीज निघून जाते. प्रत्येक जोड कोठें आहे याचें छायाचित्र घ्यावें. मदरबोर्डाचा वीस किंवा चोवीस छिद्रांचा रुंद जोड व लहान चौकोनी जोड सोडवून घ्यावा. एखादी जुनी सी. डी. ची पेटी मात्र ओझ्यादाखल जोडलेली राहूं द्यावी. मग रुंद जोडांतील एकमेव हिरवी तार आणि कोणतीही एक काळी तार, यांच्या छिद्रांत वांकविलेल्या तारेचा तुकडा घालून दोन्ही जोडाव्या, आणि त्यानंतरच दोरी भिंतींत लावावी. हिरवी तार म्हणजे खोक्यास 'जागा हो' म्हणून सांगणारी तार. एवढें करूनही पंखा फिरला नाहीं, तर खोका मेला असें समजावें.

पण पंखा फिरला म्हणजे खोका निरोगी, असें मात्र समजूं नये. दुकानदाराची चूक झाली ती येथेंच. बिछान्यावर पडल्या पडल्या रोगी बोलतो, म्हणून त्याला पखाल उचलतां येईल असें होत नाहीं. पंख्यास वीज लागते ती अगदीं थोडी. खरी परीक्षा ओझ्याखालीं व्हावयाची. म्हणून दोरी काढून सर्व जोड पूर्ववत् लावावे, यंत्र जसें उठेल तसें उठवावें आणि मल्टीमीटर एकदिश २० व्होल्टच्या खुणेवर ठेवून रुंद जोडाच्या पाठीमागून दाब मोजावा. काळा कांटा काळ्या तारेस. तांबडा कांटा पिवळ्या तारेस लावला तर १२, तांबड्या तारेस ५, नारिंगी तारेस ३.३ व्होल्ट दिसावे. जांभळ्या तारेंत यंत्र निजलेलें असतांही ५ व्होल्ट असतात. प्रत्येकास शेंकडा ५ ची सूट आहे. म्हणजे पिवळी ११.४ ते १२.६, तांबडी ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी ३.१४ ते ३.४६ यांच्या दरम्यान असावी. करडी तार 'सर्व ठीक आहे' असा निरोप मदरबोर्डास देते. दाब मर्यादेबाहेर गेला कीं हा निरोप तुटतो, आणि यंत्र आपोआप बंद पडतें.

सूनबाईंनीं आंकडे लिहून ठेविले होते. स्टॅबिलायझरमधून येणारा दाब २२८ व्होल्ट, म्हणजे बाहेरचा दोष नव्हे. यंत्र स्वस्थ असतां पिवळी तार ११.६, तांबडी ४.९, सी. डी. फिरूं लागतांच पिवळी १०.८ वर, तांबडी ४.६ वर, आणि लगेच काळोख. जांभळी मात्र सर्वकाळ ५. यानें संशय बळावला. तरीही मदरबोर्डच अवाजवी वीज ओढीत असेल, ही शंका उरते. ती फेडण्याचा एकच खात्रीचा मार्ग : आप्तांच्या चालू संगणकांतील खोका घटकाभर उसना आणून जोडून पाहावा. तो जोडतांच यंत्र पहिल्या कळीस उठलें व तासभर न थांबतां चाललें. आतां निदान पुरें झालें.

येथें एक गोष्ट ठळकपणें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. एस्. एम्. पी. एस्. चा खोका घरीं कदापि उघडूं नये. वर सांगितलेले ३२५ व्होल्ट त्यांतील मोठ्या नळकांडींत दोरी काढल्यावरही कांहीं काळ दबा धरून असतात. त्यांचा स्पर्श प्राणघातक होऊं शकतो. आंतील नळकांड्या बदलणें हें शिकलेल्या कारागिराचें काम आहे. आपण संपूर्ण खोका बदलावा, त्याचें पोट उघडूं नये. मुलें भोंवतीं असतांना तर ही परीक्षाही करूं नये.

नवा खोका घेतांना त्यावरील मोठ्या आंकड्यास भुलूं नये. '४५० वॅट' असें ठसठशीत छापलेलें असतें, पण खालील कोष्टकांत पिवळ्या तारेच्या रकान्यांतील अँपिअर पाहावे व त्यांस १२ नीं गुणावें; १८ अँपिअर असतील तर २१६ वॅट झाले. अशा जुन्या घरगुती संगणकास एवढें भरपूर होतें. हातांत घेऊनही पाहावें : अगदींच हलका खोका म्हणजे आंत लोखंड-तांब्याची काटकसर. जुन्या हार्ड डिस्कचा पांढरा चौपदरी जोड व नव्या डिस्कचा चपटा जोड आहे कीं नाहीं, रुंद जोडाच्या चार घरांचा तुकडा सुटा होतो कीं नाहीं, हें जुन्याशीं ताडून घ्यावें. कांहीं कारखानदार आपल्याच आकाराचे व आपल्याच जोडणीचे खोके वापरतात. तेथें त्यांचाच खोका लागतो. पाठीमागें ११५ व २३० अशी तांबडी खिट्टी असेल, तर ती २३० वरच आहे याची खात्री केल्याशिवाय दोरी लावूं नये; ११५ वर ठेवून आपली वीज दिली, कीं स्फोटासारखा आवाज होऊन नवा खोका क्षणांत जळतो.

बसविण्याचें काम सोपें आहे. पाठीमागचे चार स्क्रू काढून जुना खोका हातावर झेलावा, नवा त्याच जागीं बसवावा, जोडाची खिट्टी दाबून जोड अलगद लावावे. कोणताही जोड बळानें बसत नाहीं, बळ लागत असेल तर तो उलटा धरला आहे असें समजावें. एटापल्लीच्या त्या घरीं हें काम अर्ध्या तासांत झालें, आणि खर्च नव्या संगणकाच्या किंमतीचा लहानसा अंश. शब्दसंग्रह त्याच्या जुन्याच लिपींत पुन्हां पडद्यावर आला. हें वृत्त कळवितांना वृद्ध शिक्षकांनीं लिहिलें, कीं त्या दिवशीं प्रथम सूनबाईंनींच एक शब्द वाचून दाखविला, आणि ज्या आजीबाईनें तो सांगितला होता तिची नात योगायोगानें ओसरीवरच बसली होती.

एवढ्यानें काम संपलें असें मात्र आम्ही मानीत नाहीं. नवा खोकाही एके दिवशीं थकेल. म्हणून जुनें यंत्र चालतें आहे तोंवरच त्यांतील मजकूर युनिकोड या सर्वमान्य संकेतांत उतरवून घ्यावा; तो संकेत १९९१ पासून असून देवनागरीस त्यांत आरंभापासून स्थान आहे. असें रूपांतर करणाऱ्या प्रणाल्या मिळतात. परंतु जोडाक्षरें व रफार यांत त्या चुकतात, म्हणून मूळ मजकुराशीं डोळ्यांनीं ताडून पाहणें अवश्य. हें काम घरांतील मुलांनीं रोज दोन पानें याप्रमाणें केलें, तर त्यांचें शुद्धलेखनही सुधारेल.

यंत्राची निगा म्हणून चार नियम पाळावे. वीज गेली कीं भिंतींतील बटण बंद करावें, आणि ती परत आल्यावर पांच मिनिटांनीं चालू करावें. मेघगर्जना होऊं लागली कीं दोरीच काढावी. पेटी जमिनीवर न ठेवितां वीतभर उंच ठेवावी व भिंतीपासून हातभर दूर, म्हणजे पंख्यास श्वास मिळेल. वर्षांतून दोनदां, दोरी काढून, आंतील धूळ कोरड्या कुंचल्यानें झाडावी. रानाच्या गांवीं मुंग्या, झुरळें व पाली यांस असल्या उबदार पेटीसारखें माहेर दुसरें मिळत नाहीं. आणि काढलेला जुना खोका भंगाराच्या गाडीवर किंवा ओढ्यांत टाकूं नये. त्यांत शिसें असतें, व तारा जाळल्या तर विषारी धूर निघतो. १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें तो नोंदणी झालेल्या संस्थेकडेच गेला पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणीं जाणें होईपर्यंत तो कोरड्या जागीं, मुलांच्या हातीं न लागेल असा ठेवावा.

ज्या वाचकांच्या घरीं असाच एखादा अबोल झालेला संगणक कोपऱ्यांत असेल, त्यांनीं तो मोडींत घालण्यापूर्वीं त्याच्या तारांचे आंकडे एकवार मोजून पाहावे, एवढीच आमची विनंति आहे. पुढील खेपेस घरांतील अर्थिंगविषयीं लिहूं.